खुर्ची सोडणारे अध्यक्ष

अमेरिकेत कोणालाही राष्ट्राध्यक्ष म्हणून दोनदाच निवडून येता येते. हा नियम राज्यघटनेत १९५१ साली आला. पण ही प्रथा त्याच्या दीडशे वर्षे आधी देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांनी पाडली होती. त्यांचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन.

त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ रोजी व्हर्जिनिया प्रांतात झाला. तेव्हा तेथे इंग्लंडच्या राजाची सत्ता होती. जॉर्ज अकरा वर्षांचे असताना वडील वारले. शाळेचे शिक्षण फारसे झाले नाही. ते जमिनीची मोजणी शिकले, पुढे सैन्यात गेले. १७७५ मध्ये वसाहतींनी इंग्रजांविरुद्ध लढा सुरू केला, तेव्हा सेनापती म्हणून त्यांचीच निवड झाली.

लढा सोपा नव्हता. १७७७ च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्जच्या छावणीत थंडी आणि भूक होती. त्यात रोगराई पसरली व सुमारे दोन हजार सैनिक दगावले. तरी वॉशिंग्टन यांनी फौज मोडू दिली नाही.

युद्ध संपत आले, पण सैनिकांचे पगार थकले होते. १७८२ मध्ये एका अधिकाऱ्याने पत्र लिहून वॉशिंग्टन यांना राजा होण्याचे सुचवले. फौज त्यांच्या हातात होती. त्यांना अडवणार कोण? पण ते संतापले आणि त्यांनी कडक शब्दांत नकार दिला. डिसेंबर १७८३ मध्ये सेनापतिपदाचा राजीनामा देऊन ते माउंट व्हर्नन येथील आपल्या शेतीवर परतले.

१७८९ मध्ये ते एकमताने राष्ट्राध्यक्ष झाले. या नव्या पदावरील माणसाला काय म्हणावे, यावरच वाद झाला. सिनेटमधील काहींना राजासारखी भारदस्त पदवी हवी होती. शेवटी साधे ‘मिस्टर प्रेसिडेंट’ ठरले. आज हा वाद ऐकून हसू येईल. पण राजाच्या राज्यात वाढलेल्या लोकांना ती लहान गोष्ट नव्हती.

ते दुसऱ्यांदाही एकमताने निवडून आले. तिसऱ्यांदा उभे राहिले असते, तर त्यांना हरवणे कठीण होते. ते उभेच राहिले नाहीत. १७९७ मध्ये जॉन अ‍ॅडम्स यांनी शपथ घेतली, तेव्हा वॉशिंग्टन तेथे साधे नागरिक म्हणून हजर होते.

मात्र स्वातंत्र्यासाठी लढलेल्या या माणसाच्या शेतावर तीनशेहून अधिक गुलाम राबत होते. १४ डिसेंबर १७९९ रोजी त्यांचे निधन झाले. पत्नीच्या मृत्यूनंतर आपल्या मालकीच्या गुलामांना मुक्त करावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले होते. पत्नी मार्था यांनी तोपर्यंत वाट पाहिली नाही. १ जानेवारी १८०१ रोजी त्यांनी त्या सर्वांना मुक्त केले.