रघूजी भोंसले व त्याचे चार पुत्र

उमरेडहून नागपुरास जातांना वाटेंत पाचगांव लागतें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांनीं तें गांव पाहिलेलें आहे. परंतु त्याच शिवारांत इ. स. १७७५ च्या जानेवारींत एका भावाच्या हातून दुसऱ्या भावाचा प्राण गेला, हें थोड्यांसच ठाऊक असेल. ते दोघेही नागपूरच्या राज्याचा संस्थापक पहिला रघूजी भोंसले याचे पुत्र होत. त्या कलहाचें मूळ समजण्यासाठीं पित्याचें चरित्र पाहिलें पाहिजे. म्हणून तें आम्ही येथें संक्षेपानें देत आहों.

रघूजीचा पिता बिंबाजी. रघूजी लहानाचा मोठा झाला तो भाम येथें राहणारा चुलता कान्होजी याच्या आश्रयानें. पुढें उभयतांत वितुष्ट आलें व रघूजीनें घर सोडलें. शाहू महाराजांची त्याच्यावर मर्जी बसली. कान्होजी महाराजांच्या अवकृपेस पात्र झाला तेव्हां त्यास धरून आणण्याची कामगिरी पुतण्यावरच सोंपविण्यांत आली. वणीजवळ मंदर येथें रघूजीनें चुलत्यास कैद केलें. कान्होजीचे उरलेले दिवस साताऱ्यास बंदिवासांत गेले व सेनासाहेब सुभा हें पद रघूजीस मिळालें. अशा रीतीनें गृहकलहांतूनच त्याचा भाग्योदय झाला.

त्या काळीं आपला हा प्रांत देवगडच्या गोंड राजांकडे होता. नागपूर वसविणाऱ्या बख्तबुलंद राजाचा पुत्र चांदसुलतान मरण पावल्यावर वलीशहानें गादी बळकाविली. विधवा राणीनें रघूजीस साह्यार्थ बोलाविलें. त्यानें वलीशहाचा पाडाव करून राणीच्या पुत्रांस राज्य मिळवून दिलें, व मोबदल्यांत राज्याचा एक हिस्सा घेतला. पुढें बुऱ्हाणशहा व अकबरशहा हे भाऊ आपसांत भांडूं लागले, तेव्हां रघूजी पुन्हां आला. या वेळीं मात्र अकबरशहास निजामाच्या राज्यांत जावें लागलें, बुऱ्हाणशहा नांवाचा राजा उरला, आणि इ. स. १७४३ च्या सुमारास सर्व सत्ता रघूजीच्या हातीं आली. भांडण तोडावयास आलेला मध्यस्थच घराचा धनी झाला!

रघूजीचा पराक्रम थोर होता, यांत शंका नाहीं. इ. स. १७४० त कर्नाटकांत नबाब दोस्तअल्ली त्याच्याशीं लढतांना पडला, व पुढील वर्षीं त्रिचनापल्ली सर झाली. त्याचा सरदार भास्करराम कोल्हटकर यानें रतनपूरचें राज्य जिंकलें. पुढें बंगाल्यावर स्वाऱ्या झाल्या. भास्कररामास इ. स. १७४४ त अलीवर्दीखानानें भेटीस बोलावून दग्यानें मारिलें, तरी रघूजी हटला नाहीं, इ. स. १७५१ च्या तहानें त्यानें ओढ्याप्रांत व सालीना बारा लक्ष रुपये चौथाई मिळविली. परंतु त्या स्वाऱ्यांत बंगाल्यांतील गरीब रयतेची जी लूट व होरपळ झाली, ती तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या विसरले नाहींत. चरित्रकारानें हेंही सांगितलें पाहिजे.

इ. स. १७५५ च्या फेब्रुवारींत रघूजी नागपूर येथें मरण पावला. मागें चार पुत्र होते. जानोजी वयानें वडील, परंतु धाकट्या राणीचा. मुधोजी थोरल्या राणीचा. पित्याच्या मनांत जानोजीस गादी द्यावयाची होती, तरी मुधोजीनें हक्क सांगितला व वाद पेशव्यापर्यंत गेला. शेवटीं वांटणी ठरली. जानोजीस सेनासाहेब सुभा हें पद व नागपूर, मुधोजीस सेनाधुरंधर ही पदवी व चांदा, बिंबाजीस छत्तीसगड, आणि साबाजीस वऱ्हाडांतील दारव्हा. जानोजी सर्वांचा वरिष्ठ खरा, पण हें वरिष्ठपण बहुतांशीं कागदावरच राहिलें. बिंबाजी रतनपुरास राहून जवळ जवळ स्वतंत्रपणें कारभार करी.

जानोजी निपुत्रिक असल्यानें त्यानें मुधोजीचा पुत्र रघूजी यास वारस नेमिलें. तो इ. स. १७७२ त वारतांच त्याची विधवा दर्याबाई हिच्या पाठिंब्यानें साबाजीनें गादीवर हक्क मांडिला, व पुण्याच्या दरबारांतील पक्षभेदानें आगींत तेल ओतलें. पाचगांवच्या लढाईंत साबाजीची सरशी होत होती. मुधोजीचा हत्ती वेढला गेला होता. साबाजी आपला हत्ती जवळ आणून त्यास शरण येण्यास सांगूं लागला, तोंच मुधोजीनें पिस्तूल झाडिलें आणि साबाजी ठार झाला. जय मुधोजीस मिळाला. पण असा जय कोणी इच्छील काय?

असें इतरत्रही घडलें आहे. पोलंडचा राजा तिसरा बोलेस्लाव्ह इ. स. ११३८ त, म्हणजे रघूजीच्या सहाशें वर्षें आधीं, आपलें राज्य पुत्रांत वांटून वारला. त्यांपैकीं सायलेशिया प्रांताच्या पुढें वंशजांनीं इतक्या वांटण्या केल्या कीं, तेथें डझनावर लहान लहान वंशपरंपरागत जहागिऱ्या झाल्या, व चौदाव्या शतकांत त्यांपैकीं बहुतेकांनीं बोहेमियाच्या राजाचें वर्चस्व पत्करिलें. नागपूरचें राज्य त्या गतीस गेलें नाहीं, याचें कारण शहाणपण नव्हे. साबाजी मारला गेला, बिंबाजी इ. स. १७८७ त निपुत्रिक वारला, म्हणून हिस्से पुन्हां एका घराण्याच्या हातीं आले.

विद्यार्थ्यांनो, रघूजीनें चुलत्याशीं झालेल्या कलहांत पद मिळविलें व गोंड बंधूंच्या कलहांत राज्य मिळविलें. दुसऱ्यांचें घर फुटल्यानें काय होतें हें त्याच्याइतकें कोणास ठाऊक होतें? तरीही स्वतःच्या पुत्रांस एकत्र राखील अशी व्यवस्था त्यास करून ठेवितां आली नाहीं. मुलुख जिंकावयास तलवार पुरते. तो टिकवावयास भावाभावांतील विश्वास लागतो. पाचगांवावरून जातांना एवढें स्मरण ठेविलें, तरी या चरित्राचें वाचन सार्थकीं लागलें असें आम्ही समजूं.