विश्लेषण : पियानोवरची सर्वांत अवघड रचना लिस्ट यांनी स्वतःच सोपी का केली?

पियानो शिकणाऱ्यांपुढे कधी ना कधी प्रश्न येतोच : ही रचना आपल्याला जमेल का? मग पानावर स्वरांची गर्दी किती आहे, हे आधी पाहिले जाते. हंगेरीत जन्मलेले पियानोवादक फ्रान्झ लिस्ट (१८११-१८८६) यांनी आपल्या १२ रचना तीनदा लिहिल्या. त्या तीन आवृत्त्यांमध्ये या प्रश्नाचे उत्तर सापडते.

सुरुवात कशी झाली?

मुलाचा हात पाहून वडील आदाम यांनी १८२२ मध्ये त्याला व्हिएन्नाला नेले. तेथे कार्ल चेर्नी यांनी फी न घेता शिकवले. मुलाचा वेग थक्क करणारा होता, पण कोणता स्वर कोणत्या बोटाने वाजवायचा, याला शिस्त नव्हती. चेर्नींनी त्याच्याकडून लयीत स्वरमाला घोटून घेतल्या. १८२६ मध्ये लिस्ट यांनी १२ छोटे एट्यूड लिहिले. एट्यूड म्हणजे एखादे कौशल्य पक्के करण्यासाठीची रचना.

रियाज कधी बदलला?

१८२७ मध्ये वडील वारले. पॅरिसमध्ये शिकवण्या करून लिस्ट घर चालवू लागले. १८३२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी व्हायोलिनवादक पागानिनी यांना ऐकले. आपण पियानोवर हेच करायचे, असे विशीतल्या लिस्ट यांनी ठरवले. रोज चार-पाच तास नुसते व्यायाम सुरू झाले. रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत बसण्याऐवजी एकेक अडचण वेगळी काढली जाई : जोडस्वर, सप्तकाच्या उड्या, एकाच पट्टीवर झरझर येणारा स्वर. एरार कारखान्याच्या नव्या यंत्रणेत पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येई. त्याचाही फायदा झाला.

सर्वांत अवघड आवृत्ती कोणती?

१८३७ मध्ये त्यांनी तेच १२ एट्यूड नव्याने रचले. ते १८३९ मध्ये छापले गेले. बालपणीच्या साध्या सुरांवर आता स्वरांचे डोंगर होते. जगात फार तर दहा-बारा जण हे वाजवू शकतील, असा संगीतकार रॉबर्ट शुमान यांचा अंदाज होता.

मग सोपी का केली?

१८४७ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, लिस्ट यांनी मैफलींचे दौरे थांबवले आणि पुढच्या वर्षी वायमारमध्ये बस्तान बसवले. तोवर पियानो अधिक दमदार आणि पट्ट्या जड होत चालल्या होत्या. १८५१ मध्ये त्यांनी तिसरी आवृत्ती सिद्ध केली. दहा पांढऱ्या पट्ट्यांपलीकडचे ताण काढून टाकले, दाटी विरळ केली. पुढच्या वर्षी छापलेली ही आवृत्ती चेर्नींना अर्पण केली आहे. ‘ट्रान्सेंडेंटल एट्यूड्स’ ती हीच.

सोपी म्हणजे हलकी का?

अजिबात नाही. चौथा एट्यूड ‘माझेप्पा’ उधळलेल्या घोड्याला बांधलेल्या माणसाची कथा सांगतो. त्यातल्या जोडस्वरांसाठी लिस्ट यांनी दुसरे आणि चौथे बोटच सांगितले. बोटे बदलली तर वाजवणे सोयीचे होईल, पण टापांचा ठोका हरवेल. संगीताला गरज होती, ती अडचण त्यांनी ठेवली, बाकीची काढली.

अवघडपणा मोजायचा कसा?

तीन गोष्टी तपासाव्यात. पंजा ताण न देता पोहोचतो का? मनगट शेवटपर्यंत सैल राहते का? सर्वांत कठीण चार ओळी संथ लयीत चुका न होता वाजतात का? वेग वाढवायचा तो त्यानंतर. हात दुखू लागला तर थांबावे आणि रचना काही काळ बाजूला ठेवावी.

उतारवयात लिस्ट यांनी वायमारमध्ये कित्येक तरुणांना फी न घेता शिकवले. ३१ जुलै १८८६ रोजी बायरॉइट येथे त्यांचे निधन झाले. आज मैफलींत प्रामुख्याने ऐकू येते ती त्यांची तिसरी आवृत्ती.