वुडी गथ्री : गीत, कागद आणि तबकडी

संगीत नाटकांची जुनी पुस्तके आपण चाळली असतील, तर पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचा निर्देश आपल्या पाहण्यात आला असेल. शब्द नवे, चाल लोकांच्या ओठांवरची. अमेरिकन गीतकार वुडी गथ्री यांची रीत बहुतांशी हीच होती.

ओक्लाहोमा राज्यातील ओकीमा या गावी १४ जुलै १९१२ रोजी त्यांचा जन्म झाला. पुढे अवर्षण आणि धुळीची वादळे यांनी त्या मुलखातील शेतकऱ्यांना देशोधडीला लावले. कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या विस्थापितांच्या लोंढ्यात गथ्रीही होते. १९३७ पासून ते लॉस एंजेलिसच्या नभोवाणीवर गाऊ लागले.

१९४० मध्ये व्हिक्टर कंपनीने त्यांची ‘डस्ट बोल बॅलड्स’ ध्वनिमुद्रित केली. त्यांतील ‘टॉम जोड’ हे दीर्घ कथागीत तबकडीच्या एका बाजूवर मावेना. ते दोन बाजूंवर विभागावे लागले. मौखिक परंपरेत कथागीताची लांबी श्रोत्यांच्या धीरावर ठरते. येथे ती यंत्राने ठरवली, हे आपण ध्यानात घ्यावे.

त्याच वर्षी फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या एका स्वस्त हॉटेलात त्यांनी ‘धिस लँड इज युअर लँड’ लिहिले. चाल कार्टर कुटुंबाच्या एका भक्तिगीताशी मिळतीजुळती आहे. हस्तलिखितात खासगी मालकीच्या पाटीविषयी एक कडवे आहे आणि मदत कार्यालयापाशी उभ्या असलेल्या उपाशी माणसांविषयी दुसरे. मोझेस ॲश यांनी १९४४ मध्ये केलेल्या एका ध्वनिमुद्रणात पाटीचे कडवे आहे. परंतु ते दीर्घकाळ संग्रहातच पडून राहिले. शाळाशाळांतून मुलांनी जे गायले, त्यात ही दोन्ही कडवी नव्हती. मग प्रमाण संहिता कोणती मानावी? तबकडी हाती असली की संहितेचा प्रश्न मिटला, असा आपला समज असतो. प्रस्तुत लेखकाला तो भाबडा वाटतो. कडवी गळताच देशातील विषमतेवर बोट ठेवणारे गीत निव्वळ देशगौरवाचे झाले. म्हणजे गळाले ते केवळ शब्द नव्हेत.

आईला झालेला हंटिंग्टन हा आनुवंशिक मेंदूविकार गथ्री यांनाही जडला. आधी गिटारीवरचा हात गेला, पुढे वाचाही गेली. १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून त्यांचे आयुष्य रुग्णालयांतच गेले. ३ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. मागे हजारो गीतांचे कागद उरले. स्वरलेखन त्यांनी केलेले नव्हते. चाली डोक्यातच असत. त्यामुळे यांतील असंख्य गीतांची चाल त्यांच्याबरोबरच गेली. पुढे कन्या नोरा यांनी काही कागद इंग्रज गायक बिली ब्रॅग यांच्या हाती सोपवले. ब्रॅग आणि ‘विल्को’ हा अमेरिकन वाद्यवृंद यांनी त्या शब्दांना नव्या चाली लावल्या आणि १९९८ मध्ये ‘मर्मेड ॲव्हेन्यू’ या नावाने ती गीते प्रसिद्ध झाली.