धर्मशाळांचे कर्ते श्रीसंत गाडगे महाराज

आपल्या परीट समाजात असे घर क्वचितच सापडेल की, ज्याच्या भिंतीवर श्रीसंत गाडगे महाराजांची तसबीर नाही. दरसाल 23 फेब्रुवारीस आपण त्यांची जयंती साजरी करतो, मिरवणूक काढतो, हाती खराटा घेऊन गल्ली झाडतो. परंतु महाराजांनी जन्मभर जे एक मोठे कार्य चालविले, त्याकडे आपले लक्ष जावे तितके जात नाही. ते कार्य म्हणजे परगावी आलेल्या गोरगरिबास पाठ टेकण्यापुरती जागा उभी करून देणे. त्या अंगाने महाराजांचे चरित्र यंदाच्या स्मरणिकेत सांगावे असा आमचा मानस आहे. त्यास कारणही घडले आहे. ते ओघाने शेवटी येईल.

महाराजांचा जन्म 1876 साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील झिंगराजी व्यसनापायी अकाली गेले आणि मातोश्री सखुबाईंना पोरक्या मुलासह माहेरी, मूर्तिजापूरजवळील दापुरे गावी, भावाच्या आश्रयास यावे लागले. म्हणजे दुसऱ्याच्या छपराखाली राहणे काय असते, याचा धडा महाराजांना बालपणीच मिळाला. डेबूजींनी मामाची गुरे राखली, पुढे नांगर धरला आणि शेती नावारूपास आणली. परंतु मामा निरक्षर आणि सावकार कावेबाज. कागदावर अंगठे उमटत गेले आणि एके दिवशी जमीन सावकाराची झाली. घामाने पिकविलेले शेत कागदाच्या एका तुकड्याने कसे जाते, हे त्यांनी स्वतः पाहिले. पुढे कीर्तनांतून त्यांनी कर्जाविरुद्ध आणि अज्ञानाविरुद्ध जो कंठशोष केला, त्याचे मूळ या दुःखात आहे.

1892 साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मद्यमांसाची पंगत न घालता त्यांनी गोडाचे जेवण दिले. भाऊबंद रुसले, पण डेबूजी ढळले नाहीत. कर्ज काढून मानपान करण्याची चाल आपल्यातून आजही पुरती गेली नाही, म्हणून ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद करीत आहोत.

1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगे, हाती खराटा. ज्या गावी जावे, ते आधी झाडून काढावे आणि रात्री कीर्तन करावे, असा क्रम चालू झाला. ऋणमोचनच्या यात्रेत पूर्णा नदीच्या चिखलातून लोकांचे होणारे हाल पाहून त्यांनी तेथे घाट बांधविला. लोकांस उपयोगी पडणारे बांधकाम करणे, ही त्यांची भक्तीची रीत ठरली.

पंढरीची वारी आपणांपैकी पुष्कळांनी केलेली आहे. त्या काळी ऐपतीच्या वारकऱ्यास बडव्या-उत्पातांच्या घरी किंवा एखाद्या वाड्यात खोली मिळे. गरीब वाळवंटात पडून राही. अस्पृश्य मानलेल्यांस तर पैसे देऊनही कोणी उंबरा ओलांडू देत नसे. महाराजांनी पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळा उभारली ती यासाठी. पुढे नाशिक, आळंदी, देहू येथेही त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा झाल्या.

या धर्मशाळांस पैका कोठून आला, हे समजून घेण्यासारखे आहे. महाराजांचे कीर्तन ऐकून शेठसावकार थैली घेऊन पुढे येत. पण महाराज त्या थैलीस हात लावीत नसत. रक्कम विश्वस्तांकडे जाई आणि हिशेब तेच ठेवीत. इमारत पुरी झाली म्हणजे तीवर आपला अगर आपल्या नातलगांचा कसलाही हक्क राहू नये, अशी तजवीज महाराज करीत. लाखोंची बांधकामे ज्यांच्या शब्दावर झाली, त्यांची पत्नी झोपडीत राहिली आणि ते स्वतः चिंध्याच पांघरीत राहिले. 1923 साली पुत्र गोविंद वारला, तरीही हे कार्य थांबले नाही.

बांधलेल्या वास्तूचा मोहही त्यांना नव्हता. 1949 साली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, हेतू हा की, तेथे मुलांचे वसतिगृह व्हावे. काळाची गरज यात्रेकरूपेक्षा विद्यार्थ्याची अधिक आहे, हे एकही इयत्ता न शिकलेल्या या पुरुषाने ओळखले. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहांविषयीही त्यांना असाच जिव्हाळा होता. कऱ्हाडचे सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय 1954 साली रयत शिक्षण संस्थेने त्यांच्याच नावे काढले.

8 फेब्रुवारी 1952 रोजी सर्व संस्थांचा कारभार नीट चालावा म्हणून श्री गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. मुंबईस जे. जे. रुग्णालयात गावोगावचे रोगी येत. रोग्यास खाट मिळे. पण सोबत आलेली म्हातारी आई, लेकुरवाळी बायको पदपथावर चूल मांडी. त्यांच्यासाठी 1954 साली रुग्णालयाजवळ धर्मशाळा झाली. पुढे मिशनने दादरला कर्करोगाच्या रुग्णांसाठी धर्मशाळा काढली. तेथे नाममात्र आकार घेऊन रोगी व त्याचे सोबती यांची सोय होते.

20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात, वाटेवरच, महाराजांनी देह ठेवला. ज्याने हजारोंस छप्पर दिले, त्याचे प्राणोत्क्रमण स्वतःच्या छपराखाली झाले नाही.

आता कारणाकडे वळू. आपल्या मंडळाच्या जागेवर काय बांधावे, याची चर्चा सध्या चालू आहे. कोणी म्हणतात, दुकानांचे गाळे काढावेत. कोणी म्हणतात, खोल्या बांधून त्या खाटेप्रमाणे भाड्याने द्याव्यात आणि पैसे घालणाऱ्या सभासद कुटुंबांस नफा वाटावा. हिशेब उघड आहे. एका संसारी बिऱ्हाडाला दिलेल्या खोलीचे एकच भाडे येते. तीच खोली चार विद्यार्थ्यांस दिली तर चार भाडी येतात. पुण्यास शिकावयास गेलेल्या आपल्या मुलांचे पालक हा हिशेब दरमहा दुसऱ्या बाजूने अनुभवीत आहेत. आमच्या पुतण्याच्या खोलीत पाच खाटा होत्या आणि पाणी भरून ठेवण्यास बादली एकच. तरी भाडे चुकविण्यासाठी आमच्या भावास रात्री उशिरापर्यंत इस्त्री चालवावी लागे.

खोल्या बांधून भाडे घेणे हे पाप आहे, असे आम्ही म्हणत नाही. आपल्यातील कित्येक कुटुंबांनी काटकसरीने दोन खोल्या जास्त काढल्या आणि त्या भाड्यावर मुले शिकविली; ती कष्टाची कमाई आहे. परंतु समाजाच्या नावे जमविलेल्या पैशातून, समाजाच्याच मुलांकडून नफा काढणे आणि त्यावर महाराजांची तसबीर लावणे, हे आम्हांस पटत नाही. आपल्याच जिल्ह्यात शिर्डीस 1908 साली साठे वाडा आणि 1910-11 साली दीक्षित वाडा बांधला गेला, तो येणाऱ्या भाविकांची सोय व्हावी म्हणून. दीक्षितांनी वरची एक खोली स्वतःपुरती ठेवली आणि बाकीची जागा भाविकांसाठी मोकळी केली. हा कित्ताही आपणांसमोर आहे.

नुसत्या भावनेवर इमारत टिकत नाही, हेही खरे. फुकट ठेवले तर दोन वर्षांत नळ गळतील आणि छप्पर उडेल. म्हणून आमची सूचना अशी की, विद्यार्थ्यांसाठी खोल्या बांधाव्यात. वीज, पाणी, झाडलोट व दुरुस्ती यांस पुरेल इतकेच भाडे घ्यावे आणि त्यातील एक हिस्सा दुरुस्तीसाठी निराळा टाकावा. कुटुंबांनी दिलेली ठेव मुद्दलापुरती हप्त्याने परत करावी. कर्ज काढू नये. दापुऱ्याचे शेत स्मरावे. कार्यकारिणीतील कोणाच्या नातलगास वशिल्याने खोली देऊ नये आणि जमाखर्च दरसाल याच स्मरणिकेत छापावा. आपली खोली ज्याची त्यानेच झाडावी, हा नियम तर महाराजांच्या नावाने चालणाऱ्या घरात सांगावाही लागू नये.

येत्या सभेत मत देण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबप्रमुखाने घरातील तसबिरीकडे क्षणभर पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.