मोटारीचे स्वप्न, मालट्रकचा आधार : किइचिरो टोयोडा

टोयोटा हे नाव उच्चारताच आज डोळ्यांसमोर येते ती प्रवासी मोटार. मात्र या कंपनीच्या पायाभरणीच्या काळात तिचा खरा आधार होता तो मालट्रकचा. संस्थापक किइचिरो टोयोडा यांना सर्वसामान्य जपानी माणसासाठी मोटार बनवायची होती, पण परिस्थितीने त्यांना आयुष्यभर ट्रकच बनवायला लावले.

किइचिरो यांचा जन्म ११ जून १८९४ रोजी शिझुओका प्रांतातील एका खेड्यात झाला. वडील साकिची टोयोडा हे जपानमधील नामवंत माग-संशोधक. टोकियो इंपीरियल विद्यापीठातून १९२० मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन किइचिरो वडिलांच्या उद्योगात शिरले. माग न थांबवता धोटा बदलणारा आणि सूत तुटताच आपोआप थांबणारा स्वयंचलित माग १९२४ मध्ये सिद्ध झाला. त्याच्या घडणीत पित्याबरोबर पुत्राचाही वाटा होता. इंग्लंडमधील ओल्डहॅम येथील प्लॅट ब्रदर्स या कंपनीने त्याचे हक्क घेतले. हा करार १९२९ च्या अखेरीस झाला. त्या दौऱ्यात लँकेशायरच्या कापड धंद्याला लागलेली ओहोटी आणि अमेरिकेतील मोटार कारखान्यांची भरभराट, ही दोन्ही दृश्ये किइचिरो यांनी पाहिली.

जपानमध्ये तेव्हा परदेशी मोटारींचे राज्य होते. १९२३ च्या भीषण भूकंपात टोकियोची ट्रामव्यवस्था कोलमडली, तेव्हा नगरपालिकेने फोर्डचे सांगाडे मागवून त्यांवर बस बांधून घेतल्या. मागोमाग फोर्डने १९२५ मध्ये योकोहामात आणि जनरल मोटर्सने १९२७ मध्ये ओसाकात जुळणीचे कारखाने उघडले. या बलाढ्यांशी सामना करणे म्हणजे वेडेपणा, असेच जाणत्यांचे मत होते. तरीही १९३३ मध्ये माग कारखान्यातच मोटार विभाग सुरू झाला. शेवरोलेची एक गाडी विकत घेऊन तिचा सुटा भाग न् भाग अभ्यासण्यात आला. सर्वांत जिकिरीचे काम इंजिनाच्या ठोकळ्याच्या ओतकामाचे ठरले. शेकडो ठोकळे सदोष निघून पुन्हा भट्टीत गेले. अखेर सप्टेंबर १९३४ मध्ये सहा सिलिंडरचे इंजिन तयार झाले.

मे १९३५ मध्ये प्रवासी मोटारीचा पहिला नमुना तयार झाला. मात्र सरकारला आणि लष्कराला हवे होते ट्रक. म्हणून तेच इंजिन बसवून ‘जी-१’ हा ट्रक घाईघाईने घडविण्यात आला आणि नोव्हेंबर १९३५ मध्ये टोकियोत लोकांपुढे ठेवण्यात आला. प्रदर्शनाला निघालेला ट्रक वाटेतच नादुरुस्त झाला होता! विक्री सुरू झाल्यावरही तक्रारींचा पाऊस पडला. जनरल मोटर्समधून आलेले शोतारो कामिया यांनी विक्रीची बाजू सांभाळली, तर बंद पडलेल्या गाडीपाशी किइचिरो स्वतः जात आणि दोष शोधून सुधारणा करीत. जी-१ चे जेमतेम ३७९ ट्रक निघाले, पण पुढच्या मॉडेलांची वाट त्यांनीच मोकळी केली. १९३६ च्या कायद्याने देशी उत्पादकांना संरक्षण मिळाले. २८ ऑगस्ट १९३७ रोजी टोयोटा मोटर कंपनी स्थापन झाली. किइचिरो यांचे मेहुणे रिसाबुरो तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी कोरोमो येथे नवा कारखाना उभा राहिला. लागेल तेवढाच माल, लागेल त्याच वेळी, ही किइचिरो यांची कल्पना तिथेच रुजली. युद्धकाळात मात्र मोटार मागे पडली आणि लष्करी ट्रकच तेवढे उरले.

युद्ध संपल्यावर व्यापक सत्तेने प्रथम परवानगी दिली तीही ट्रकनाच. १९४९ च्या कठोर आर्थिक धोरणाने बाजार थंडावला, गाड्यांचे पैसे थकले आणि कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. कामगारकपात किइचिरो यांना मुळीच मान्य नव्हती. वेतनात कपात स्वीकारण्याच्या बदल्यात नोकऱ्या राखण्याचा समझोता त्या वर्षअखेरीस कामगार संघटनेशी झालाही होता. पण १९५० च्या एप्रिलमध्ये कंपनीला सोळाशे कामगार कमी करण्याची योजना जाहीर करावी लागली. संप पेटला. दिलेला शब्द आपल्याला पाळता आला नाही, याचे उत्तरदायित्व किइचिरो यांनी दुसऱ्या कुणावर ढकलले नाही. कामगारांना जावे लागणार असेल, तर आपणही जायचे, या भावनेने ५ जून १९५० रोजी त्यांनी अध्यक्षपद सोडले.

दैवाचा खेळ असा, की अवघ्या वीस दिवसांत कोरियात युद्ध भडकले. जुलैमध्ये अमेरिकी सैन्याने एक हजार ट्रकची मागणी नोंदविली. पुढील मागण्या धरून हा आकडा ४,६७९ वर गेला आणि कंपनी तरली. १९५२ मध्ये किइचिरो यांना पुन्हा अध्यक्षपदी आणण्याचे ठरत असतानाच २७ मार्च रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, संपूर्णपणे जपानी बनावटीची ‘क्राउन’ मोटार रस्त्यावर आली. १९५९ मध्ये कोरोमो शहराचेच नाव टोयोटा झाले. हे वैभव पाहायला किइचिरो नव्हते. त्यांच्या वाट्याला आले ते भट्टीतले अपयश, वाटेत बंद पडलेले ट्रक आणि एक कठीण राजीनामा. पण कंपनीची पुढची सारी उभारणी याच भांडवलावर झाली.