सैनिकांची खुशाली लिहिणारे अर्नी पाईल

माझा काका फौजेत आहे. त्याचा फोन आला की आजी आधी विचारते, जेवलास का, थंडी लागते का. तो म्हणतो, सगळं ठीक आहे. तेवढ्याने आजीचं समाधान होत नाही. म्हणून गुरुजींनी अर्नी पाईल यांची माहिती सांगितली तेव्हाच मी ठरवलं, या वेळच्या भित्तिपत्रकात हेच लिहायचं.

अर्नी पाईल यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी झाला. अमेरिकेत इंडियाना राज्यात डेना नावाचं गाव आहे, तिथले ते शेतकऱ्याचे एकुलते एक पुत्र. पण शेतीत त्यांचं मन रमेना. (आमच्या वर्गातही असे दोघेतिघे आहेत, नावं सांगत नाही.) पहिल्या महायुद्धात ते आरमारात भरती झाले, पण शिकून तयार व्हायच्या आत युद्धच संपलं. मग ते वर्तमानपत्रात नोकरीला लागले. अंगाने किरकोळ होते, वजन जेमतेम ५० किलो.

दुसऱ्या महायुद्धात ते बातमीदार म्हणून सैन्याबरोबर आफ्रिका, इटली, फ्रान्स इकडे हिंडले. सेनापतींविषयी ते थोडंच लिहायचे. साधा शिपाई चिखलात कसा झोपतो, काय खातो, हे लिहायचे. त्याचं नाव आणि गावसुद्धा लिहायचे. मग गावाकडे त्याच्या आईला पेपरात मुलाची खुशाली कळायची. आघाडीवर लढणाऱ्या पायदळाला जादा पगार मिळावा असंही त्यांनी लिहिलं. सरकारने १९४४ साली तसा कायदा केला आणि त्या शिपायांना महिना १० डॉलर जास्त मिळू लागले. त्याच वर्षी पाईल यांना पुलित्झर हे मोठं बक्षीस मिळालं. मला विचाराल तर १० डॉलरची गोष्टच मोठी आहे.

एवढं युद्ध बघून ते फार थकले आणि घरी परत आले. तेव्हा युरोपातली लढाई संपत आली होती. पण पॅसिफिक महासागरात जपानशी लढाई चालूच होती. अमेरिकेचं सैन्य एकेक बेट घेत जपानकडे सरकत होतं. तिथेही शिपाई होते, म्हणून पाईल जानेवारी १९४५ मध्ये तिकडे निघाले. आपण आता वाचणार नाही असं त्यांना वाटत होतं. तरी गेले. मी असतो तर गेलो नसतो.

१ एप्रिल १९४५ ला सैन्य ओकिनावा बेटावर उतरलं. पाईलही बरोबर होते. किनाऱ्यावर खूप माणसं मरतील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण तिथे फारसा गोळीबार झालाच नाही. खरी भयंकर लढाई पुढे झाली आणि ती जूनपर्यंत चालली.

ओकिनावाजवळ इए शिमा नावाचं छोटं बेट आहे. गुरुजींनी नकाशात दाखवलं, पण मला ते सापडतच नव्हतं. तिथे विमानतळ होता, म्हणून अमेरिकेला ते बेट हवं होतं. १८ एप्रिलला पाईल तिथे जीपमधून चालले होते. एकदम मशीनगन सुरू झाली. सगळ्यांनी रस्त्याकडेच्या खड्ड्यात उड्या मारल्या. थोड्या वेळाने पाईल यांनी सोबत्यांना बघायला डोकं वर काढलं आणि हेल्मेटच्या खाली गोळी लागली. ते ४४ वर्षांचे होते. युरोपातलं युद्ध संपल्यावर छापायचा लेख त्यांच्या खिशात सापडला. मेलेल्या शिपायांना विसरू नये, असं त्यात होतं. ते युद्ध संपायला तीन आठवडेसुद्धा राहिले नव्हते. जपाननेही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शरणागती पत्करली.

सैनिकांनी त्या जागी फळी लावली. तिच्यावर पाईल यांना बातमीदार म्हटलेलं नाही, सोबती म्हटलेलं आहे. १९४९ साली त्यांना होनोलुलूच्या सैनिकी दफनभूमीत, शिपायांच्या शेजारी पुरलं.

हे मी आजीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, त्याच्या घरी कोण होतं? मी म्हटलं, आई आधीच वारली होती, वडील आणि बायको होती. आजी बराच वेळ गप्प बसली.

आता काकाचा फोन आला की मी विचारणार आहे, तुझ्या खोलीत कोण कोण असतं आणि त्यांची गावं कोणती.