आकड्यांना कुलूप

१३४४ साली चीनमधील ह्वाय नदीच्या खोऱ्यात दुष्काळ पडला आणि पाठोपाठ रोगाची साथ आली. एका गरीब कुळाच्या घरातले आईबाप आणि थोरला मुलगा दगावले. प्रेते पुरायलाही जमीन नव्हती. शेजाऱ्याने दयेपोटी तुकडा दिला. मागे उरलेला धाकटा मुलगा झू युआनझांग बौद्ध मठात झाडलोट करू लागला. मठातलेही धान्य संपले, तेव्हा वाडगा घेऊन त्याने सुमारे तीन वर्षे दारोदार भीक मागितली.

हाच मुलगा १३५२ मध्ये बंडखोरांना मिळाला, १३५६ मध्ये त्याने नानजिंग जिंकले आणि १३६८ मध्ये तो मिंग घराण्याचा पहिला सम्राट झाला.

सरकारी धान्य खाणारा अधिकारी त्याला खुन्यासारखा वाटे. प्रांतांतले कारकून राजधानीत हिशेब द्यायला येताना शिक्का मारलेले कोरे कागद सोबत आणत. वाटेत धान्य घटे, आकडे जुळत नसत, आणि नवा शिक्का आणायला महिने लागत. म्हणून ही सोय. कोऱ्या सहीची सोय आणि धोका, दोन्ही बँकेत काम केलेल्याला ठाऊक असतात. सम्राटाला फक्त धोका दिसला. १३७६ च्या सुमारास अनेकांचे प्राण गेले.

१३८५ मध्ये महसूल खात्याचा उपमंत्री ग्वो ह्वान याच्यावर प्रचंड धान्य लाटल्याचा आरोप आला. हजारोंना मृत्युदंड झाला. असंतोष वाढला, तेव्हा चौकशी करणाऱ्या न्यायाधीशाचाही बळी दिला गेला.

परंपरा सांगते, की यानंतर सम्राटाने हिशेबात साधे आकडे लिहिण्यास बंदी केली. साध्या चिनी लिपीत एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. एकावर उभी रेघ ओढली की दहा, आणि दहाच्या डोक्यावर छोटा फटकारा दिला की हजार! म्हणून प्रत्येक आकड्यासाठी गुंतागुंतीचे, अनेक फटकाऱ्यांचे अक्षर वापरायचे. ही अक्षरे त्याने शोधली नव्हती. तांग काळातल्या कागदपत्रांतही ती आढळतात. पण ती सक्तीची करण्याचे श्रेय त्याच्याकडे जाते.

एवढी माणसे मारूनही लाचखोरी थांबत नाही, हा विषाद त्याच्याच लेखनात उमटला आहे. १३९८ मध्ये तो वारला. भीतीचा अंमल त्याच्याबरोबर ओसरला; अक्षरे मात्र टिकली. चिनी नोटांवर आणि धनादेशांवर आजही तीच असतात.

आपल्या धनादेशावरही रक्कम अक्षरांत लिहावी लागते. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यानुसार आकडा आणि अक्षरे यांत तफावत पडली, तर अक्षरी रक्कमच ग्राह्य धरतात. शेवटी 'फक्त' लिहून आपण पुढची जागा बंद करतो. चोराचा हात छाटण्यापेक्षा त्याला रेघ ओढायला जागाच न ठेवणे, हे काम कमी रक्त सांडून होते.